स्टेंट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

स्टेंट या विषयावर आलेल्या पत्रांमधून काही प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. ज्यांनी रिपोर्टच्या छायाप्रती पाठवून ‘स्टेंट बसवावा की नाही’ एवढेच विचारले आहे, त्यांना येथून हो किंवा नाही असे उत्तर देता येणार नाही. अँजिओग्राफीची सीडी आणि रुग्ण दोन्ही समोर असल्याशिवाय तसे सांगणे गैर ठरेल.

प्रश्न : माझ्या वडिलांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर दोन स्प्रिंगा बसवल्या. पुढे आईचे मुतखड्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा तिच्याही पोटात स्टेंट ठेवल्याचे सांगितले. दोन्ही वस्तू एकच का? स्टेंट म्हणजे नेमके काय? (सातारा)

उत्तर : नाव एक असले तरी वस्तू दोन आहेत, आणि हा फरक घरातल्या सर्वांना माहीत असणे फार गरजेचे आहे. शरीरात रक्तवाहिनी, मूत्रनलिका, पित्तनलिका, अन्ननलिका, श्वासनलिका असे अनेक पोकळ मार्ग आहेत. त्यांपैकी एखादा आकसला, दबला किंवा बुजला, तर तो उघडा राहावा म्हणून आतून जो आधार ठेवतात त्याला स्टेंट म्हणतात. विहिरीचा काठ ढासळू नये म्हणून आतून दगडी बांधकाम करतात, त्याच जातीचे हे काम आहे. स्टेंट स्वतः काही झिरपवत नाही किंवा खेचून घेत नाही. तो फक्त वाट मोकळी ठेवतो. हे नाव मात्र चार्ल्स स्टेंट या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज दंतवैद्याचे आहे. दातांचे ठसे घेण्यासाठी त्याने तयार केलेला लगदा पुढे शल्यचिकित्सक त्वचारोपणात आधारासाठी वापरू लागले आणि तिथून ते आडनाव आधार देणाऱ्या साधनाला चिकटले.

वडिलांच्या हृदयातील स्टेंट ही धातूची बारीक जाळी आहे. पूर्वी ती स्टेनलेस स्टीलची असे, आता बहुधा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची असते. बारीक नळीवर लेसरने नक्षी कापून ती तयार करतात. तिच्या तारांची जाडी आजच्या बऱ्याच स्टेंटमध्ये ६० ते ८० मायक्रॉन इतकी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. फुलल्यावर तिचा व्यास साधारण सव्वादोन ते चार मिलिमीटर भरतो. लांबी अडथळ्याप्रमाणे आठ मिलिमीटरपासून चाळीसच्या पुढेही असते. मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीतून एक लांब पोकळ नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून केसासारखी तार अडथळ्याच्या पलीकडे सरकवतात आणि त्या तारेवरून मिटलेल्या फुग्यावर घट्ट बसवलेली जाळी नेमक्या जागी आणतात. मग बाहेरच्या पंपाने फुग्यात दाबाने द्रव भरतात. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा ते सोळा पट असतो. त्या काही सेकंदांत रुग्णाला छातीत दाटल्यासारखे वाटू शकते, कारण रुग्ण जागा असतो आणि तेवढा वेळ त्या धमनीतून रक्त जात नाही. फुगा मिटवून काढून घेतला की जाळी भिंतीला चिकटून तिथेच राहते, कायमची. लोक तिला स्प्रिंग म्हणतात, पण ही जाळी स्प्रिंगेसारखी दाबून पुन्हा उसळणारी नसते. फुग्याने फुलवली तशीच ती राहते. पायाच्या किंवा मानेच्या रक्तवाहिन्यांत मात्र निटिनॉल या धातूचे, आवरण काढताच आपोआप फुलणारे स्टेंट वापरतात.

आईच्या पोटातला स्टेंट म्हणजे मऊ प्लॅस्टिकची, वीतभर लांब नळी. तिचे एक वेटोळे मूत्रपिंडात आणि दुसरे मूत्राशयात अडकते, म्हणून तिला डबल-जे किंवा बोलीत डीजे स्टेंट म्हणतात. ती तात्पुरती असते आणि ती काढावीच लागते. याविषयी शेवटच्या प्रश्नात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : फुगा फुगवल्यावर अडथळा मोकळा होत असेल, तर जाळीची गरज काय? आणि ‘औषधी’ स्टेंट साध्यापेक्षा इतका महाग का? कोणत्या कंपनीचा घ्यावा? (नाशिक, लातूर)

उत्तर : सुरुवातीला फक्त फुगाच होता. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिक येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जाग्या रुग्णाच्या हृदयधमनीत पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली, आणि छाती न उघडता हृदयाच्या रक्तवाहिनीवर इलाज होऊ शकतो हे जगाला दिसले. अडचण अशी होती, की फुगा काढल्यावर काही धमन्या लगेच आकसत, काहींची आतली भिंत चिरून आत लोंबकळे, आणि सुमारे एकतृतीयांश रुग्णांत सहा महिन्यांच्या आत तीच जागा पुन्हा अरुंद होई. भिंतीला आधार हवा, या विचारातून मार्च १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे जाक प्युएल यांनी मानवी हृदयधमनीत पहिला स्टेंट बसवला. स्वित्झर्लंडमध्ये उलरिश सिगवार्ट त्याच सुमारास हे काम करत होते. जाळीने आकसणे थांबले, पण दुसरेच दुखणे पुढे आले. धातूचा स्पर्श आणि फुग्याची इजा यांना उत्तर म्हणून धमनीची भिंत वण भरावा तशी पेशी वाढवू लागली आणि पाचातल्या एका रुग्णात तरी जाळीच्या आतूनच मार्ग पुन्हा चिंचोळा होऊ लागला.

औषधी स्टेंट आला तो या वाढीला आळा घालण्यासाठी. त्याच्या तारांवर सिरोलिमस किंवा त्याच वर्गातील औषधाचा पातळ लेप असतो आणि ते औषध काही आठवडे ते महिने हळूहळू भिंतीत उतरून पेशींची वाढ रोखते. सिरोलिमस मुळात पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूपासून मिळाले आणि आधी प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून वापरले गेले. युरोपात २००२ मध्ये आणि अमेरिकेत २००३ मध्ये असा पहिला स्टेंट बाजारात आला. पेशींची वाढ रोखली म्हणजे जाळीवर नैसर्गिक अस्तर चढायलाही उशीर होतो, आणि उघड्या धातूवर वर्षभरानंतरही गुठळी होऊ शकते, ही भीती २००६ च्या सुमारास जगभर पसरली होती. तारा बारीक झाल्या, लेप सुधारले आणि तो धोका बराच कमी झाला. आज हृदयासाठी जवळजवळ सर्वत्र औषधी स्टेंटच वापरतात.

किमतीचे म्हणाल, तर भारतात चित्र पार पालटले ते फेब्रुवारी २०१७ मध्ये. तोपर्यंत एका औषधी स्टेंटसाठी लाखाच्या पुढे रक्कम भरणारी कुटुंबे सर्रास आढळत. जुलै २०१६ मध्ये हृदयाच्या स्टेंटचा अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत समावेश झाला आणि पुढे एनपीपीए या केंद्रीय किंमत नियंत्रण प्राधिकरणाने साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटला २९,६०० रुपये अशी कर वगळून कमाल मर्यादा घातली. हे आकडे नंतर वेळोवेळी बदलले आहेत. चालू दर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो. मर्यादा स्टेंटला आहे, अँजिओप्लास्टीच्या एकूण खर्चाला नाही, हे मात्र विसरू नये. फुगे, तारा, कॅथलॅबचे (अँजिओप्लास्टी करतात त्या कक्षाचे) शुल्क, खोलीभाडे हे सारे वेगळे आकारले जाते, आणि स्टेंट स्वस्त झाला तरी बिल तेवढे उतरले नाही ही अनेकांची तक्रार माझ्या मते निराधार नाही. बिलात स्टेंटची किंमत, नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक स्वतंत्रपणे दाखवणे रुग्णालयाला बंधनकारक आहे. तसे नसेल तर मागून घ्यावे. राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. तातडीची वेळ नसेल तर दाखल होण्यापूर्वीच योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे.

कंपनीविषयी एवढेच सांगेन, की परदेशी म्हणजे उत्तम आणि देशी म्हणजे कामचलाऊ हा समज सोडून द्यावा. सुरतेत तयार झालेल्या एका सिरोलिमस स्टेंटची युरोपातील रुग्णांवर नामांकित अमेरिकी स्टेंटशी थेट तुलना झाली आहे आणि पहिल्या वर्षात तो उणा ठरला नाही. जाळी योग्य मापाची आहे का, ती भिंतीला सर्व बाजूंनी नीट टेकली आहे का, या गोष्टींचा परिणाम नावापेक्षा कितीतरी अधिक होतो.

प्रश्न : माझे वय ५६. मला कोणताही त्रास नाही. कंपनीच्या तपासणीत स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी केली. एका धमनीत ८० टक्के ब्लॉक निघाला. मी टेबलावर असतानाच मुलाला बाहेर सांगण्यात आले, की आत्ताच स्टेंट टाका, नाहीतर कधीही झटका येईल. आम्ही वेळ मागून घेतला. चूक केली का? (पुणे)

उत्तर : तुम्ही सांगता तशीच स्थिती असेल, तर चूक केली नाही. स्टेंटची सर्वाधिक गल्लत येथेच होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हृदयविकाराचा झटका चालू असताना बसवलेला स्टेंट आणि त्रास नसलेल्या किंवा ठरावीक श्रमांनंतरच छातीत दुखणाऱ्या माणसाला सवडीने बसवलेला स्टेंट, या दोन उपचारांची फळे सारखी नाहीत. झटक्यात धमनी गुठळीने पूर्ण बंद झालेली असते आणि दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. तेव्हा ती धमनी उघडणे हा जीव वाचवणारा उपचार आहे आणि त्यात चर्चेला जागा नाही. अशा रुग्णाची धमनी रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत उघडावी असा दंडक आहे. तालुक्याच्या गावी कॅथलॅब नसेल आणि दोन तासांत ती गाठता येणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देऊन मग रुग्णाला मोठ्या ठिकाणी हलवतात. अशा वेळी नातेवाइकांनी ‘आधी पुण्याला नेऊ’ म्हणून ते इंजेक्शन नाकारणे घातक ठरते.

स्थिर रुग्णाची गोष्ट निराळी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ या चाचणीत आणि पुढे २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘इस्किमिया’ या चाचणीत अशा रुग्णांचे दोन गट पाडले होते. एका गटाला उत्तम औषधे दिली आणि दुसऱ्याला तीच औषधे देऊन शिवाय स्टेंट बसवला. ‘इस्किमिया’मध्ये काहींची बायपासही केली. ‘इस्किमिया’त ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण होते आणि त्यांत भारतीयही होते. तीनेक वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू आणि झटका यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. ज्यांना वारंवार छातीत दुखत होते, त्यांना मात्र स्टेंट किंवा बायपासने अधिक आराम पडला. लंडनमधील डॉक्टरांनी तर ‘ऑर्बिटा’ नावाच्या चाचण्यांत काही रुग्णांना भूल देऊन नळी घातली पण स्टेंट बसवलाच नाही, आणि रुग्णाला आपण कोणत्या गटात आहोत हे कळू दिले नाही. भरपूर औषधे चालू असताना स्टेंटचा जास्तीचा फायदा त्यात नगण्य निघाला, आणि पुढे २०२३ मध्ये ती औषधे बंद ठेवून केलेल्या दुसऱ्या चाचणीत स्टेंटने दुखणे खरोखर कमी होते हेही दिसले. म्हणजे स्थिर रुग्णात स्टेंट हा दुखण्यावरचा चांगला उपाय आहे. तो पुढचा झटका टाळण्याची हमी नाही.

असे का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अनेक झटके ८० टक्क्यांच्या जुन्या, टणक अडथळ्यावर येत नाहीत. तीस-चाळीस टक्क्यांची, आत मऊ चरबी असलेली एखादी गाठ अचानक फुटते, तिच्यावर गुठळी धरते आणि धमनी बंद होते. अशा गाठी धमन्यांत ठिकठिकाणी असू शकतात आणि स्टेंट एकाच जागी बसतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या, बीपी आणि शुगरवरचे नियंत्रण, तंबाखू-सिगारेट सोडणे यांचा परिणाम मात्र सगळ्या धमन्यांवर होतो.

याला अपवाद आहेत आणि ते तुम्ही आपल्या डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. डाव्या मुख्य धमनीतच मोठा अडथळा असणे, हृदयाची पंपिंग क्षमता खूप घटलेली असणे, अलीकडे विश्रांतीतही दुखू लागणे किंवा दुखणे झपाट्याने वाढणे, अशा रुग्णांना वरील निष्कर्ष लागू होत नाहीत. ‘इस्किमिया’त असे रुग्ण घेतलेच नव्हते. मधुमेह असून दोन-तीन धमन्यांत अडथळे असतील, तर अनेकदा स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरते, तेव्हा हृदयशल्यविशारदाचे मतही घ्यावे. अडथळा खरोखर रक्तप्रवाह अडवतो का, हे दाब मोजणाऱ्या तारेने तपासता येते. एफएफआर नावाच्या या मोजणीचा आकडा ०.८० च्या वर असेल तर सहसा स्टेंट लागत नाही. ‘माझ्या बाबतीत स्टेंटने आयुष्य वाढेल की त्रास कमी होईल?’ असे सरळ विचारा. त्रासच नसताना दुसरे उत्तर मिळाले, तर घाईचे कारण उरत नाही. औषधे मात्र आजपासून, न चुकता घ्यावीत.

प्रश्न : स्टेंटची मुदत किती वर्षे? विमानतळावर तपासणीत अडचण येते का? एमआरआय चालते का? (ठाणे, पणजी, दुबई)

उत्तर : स्टेंटला शरीरात मुदत नाही, काही महिन्यांत त्याच्यावर अस्तर चढते आणि तो भिंतीचाच भाग होतो. आपोआप विरघळणारे स्टेंटही निघाले होते, पण त्यांतला सर्वाधिक गाजलेला स्टेंट गुठळ्यांचे प्रमाण जास्त आढळल्यावर २०१७ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आला. विमानतळावरच्या यंत्रातून बिनधास्त जावे. आजच्या हृदय-स्टेंटना एमआरआय ठरावीक मर्यादेत चालते आणि त्यासाठी महिने थांबावे लागत नाही. फक्त तपासणी करणाऱ्यांना स्टेंटचे कार्ड दाखवावे. त्या कार्डावर मॉडेल आणि बॅचचा स्टिकर असतो. परदेशी राहणाऱ्यांनी त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

प्रश्न : स्टेंट बसवून चार महिने झाले. दाढ काढायची आहे म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पाच दिवस बंद ठेवायला सांगितले आहे. या गोळ्यांनी ॲसिडिटीही होते. नातेवाईक म्हणतात, अर्जुनाच्या सालीचा काढा घे आणि गोळ्या सोड. (कोल्हापूर)

उत्तर : हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक अशा दोन गोळ्या देतात. त्या खऱ्या अर्थाने रक्त पातळ करत नाहीत. रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी होते, ते चिकटणे त्या रोखतात. जाळीवर अस्तर चढेपर्यंत उघडी तार प्लेटलेटना आयतीच मिळते, आणि मुदतीआधी गोळ्या सोडणे हे स्टेंट अचानक बंद पडण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. तसे झाले तर तो झटकाच असतो, आणि बहुधा मोठा. झटक्यानंतर स्टेंट बसवला असेल तर साधारण वर्षभर आणि स्थिर स्थितीत बसवला असेल तर सुमारे सहा महिने दोन्ही गोळ्या चालतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांत ही मुदत कमी करतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. त्यानंतर एक गोळी बहुतेकांना कायम राहते.

एखादी दाढ दोन्ही गोळ्या चालू असतानाही काढता येते. टाका, दाबून धरलेला बोळा आणि स्थानिक औषध यांनी रक्त थांबते, फक्त वेळ थोडा जास्त लागतो. दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांचे फोनवर एकदा बोलणे करून द्या. हर्निया, मोतीबिंदू, गुडघा अशा सवडीच्या शस्त्रक्रिया असतील, तर कोणती थांबू शकते आणि कोणती गोळ्या चालू ठेवून होईल हेही त्यांनाच ठरवू द्यावे. ॲसिडिटीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल यांनी क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. पँटोप्राझोल सहसा चालते. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मनानेच घेण्याची सवय असेल तर ती सोडा, कारण या गोळ्यांच्या जोडीने पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. काळी, डांबरासारखी शौचाला झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. काढ्याविषयी आदर राखून सांगतो, की कोणताही काढा या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही, आणि तो घ्यायचाच असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न : मुतखड्याच्या ऑपरेशननंतर डीजे स्टेंट ठेवला आहे. लघवीला सारखे जावे लागते, कंबरेत कळ येते. आता बरे वाटते आहे. राहू दिला तर चालेल का? (जळगाव)

उत्तर : चालणार नाही. दूरबिणीने खडा फोडल्यावर मूत्रनलिकेला सूज येते आणि खड्याचा चुराही खाली उतरत असतो. त्या काळात लघवी तुंबू नये म्हणून हा स्टेंट ठेवतात. सूज उतरली की त्याचे काम संपते; बहुतेकांत दोन ते सहा आठवड्यांत तो काढतात. खालचे वेटोळे मूत्राशयाला टोचत राहते म्हणून सारखे लघवीला जावेसे वाटते, आणि लघवी करताना थोडी वर मूत्रपिंडाकडे ढकलली जाते म्हणून कंबरेत कळ येते. जिने चढल्यावर किंवा एसटीच्या प्रवासानंतर लघवी गुलाबी दिसणेही नेहमीचे आहे. भरपूर पाणी प्यावे आणि त्रास जास्त असेल तर डॉक्टरांकडून गोळ्या घ्याव्यात. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर मात्र थांबू नये.

अडचण होते ती बरे वाटू लागल्यावर. त्रासाची सवय होते, शेतीची कामे निघतात, आणि पोटात नळी आहे हेच घरातले विसरतात. काहींना तर ती ठेवली आहे हे कुणी नीट सांगितलेलेच नसते, आणि हा दोष रुग्णाचा नव्हे. तीन महिन्यांनंतर या नळीवर क्षार साचण्याचा धोका वाढत जातो. वर्षभर राहिलेली नळी दोन्ही टोकांना दगडासारखी होऊ शकते, ओढताना तुटू शकते, आणि मुळात काही मिनिटांत, सुन्न करणारी जेल लावून दुर्बिणीने निघणाऱ्या वस्तूसाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. क्वचित त्या बाजूचे मूत्रपिंडही निकामी होते. पित्तनलिकेतील प्लॅस्टिकच्या स्टेंटचेही असेच आहे. तो साधारण तीन महिन्यांनी बदलावा किंवा काढावा लागतो, नाहीतर तुंबून कावीळ आणि ताप येतो.

म्हणून डिस्चार्ज कार्डवर स्टेंट कोणत्या बाजूला ठेवला आणि कोणत्या तारखेला काढायचा, हे लिहून घेतल्याशिवाय घरी येऊ नये. कागद हरवले असतील आणि नळी काढली की नाही याचीच शंका असेल, तर पोटाचा साधा एक्स-रे काढावा. नळी आत असेल तर तिची वेटोळी त्यात स्पष्ट दिसतात. तो एक्स-रे घेऊन जवळच्या कोणत्याही मूत्ररोगतज्ज्ञाकडे जाता येते, मूळ रुग्णालयातच जायला हवे असे नाही.